सल्फर कधी, किती आणि कसं मारायचं: एका ब्लोअरवाल्याचं सांगणं

माझा धंदा ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या पंख्यानं औषध फवारायच्या यंत्राचा. तासगाव तालुक्यात थोडी स्वतःची द्राक्षबाग आहे, पण घर चालतं ते लोकांच्या बागांत औषध मारून. ऑक्टोबर छाटणी झाली की माल उतरेपर्यंत ट्रॅक्टरला उसंत नसते. एवढ्या मालकांच्या तऱ्हा बघून सांगतो, महागड्या बाटलीला माणूस जपून हात लावतो आणि सल्फरच्या, म्हणजे भुरी या बुरशीच्या रोगावर मारायच्या गंधकाच्या, पुड्याला कसाही. पुड्यावर बहुतेक वेळा हिरवा त्रिकोण, म्हणजे कमी विषारीची खूण, किंमत कमी, आज्ज्याच्या काळापासून चालत आलेलं, सेंद्रियवाल्यांनाही अटींवर चालणारं. मग कशाला गॉगल नि कशाला वजनकाटा! सल्फरनं माणूस सहसा दगावत नाही हे खरं. पण पानं भाजतात, डोळे सुजतात, मण्यावर डाग पडून दर पडतो, आणि घरात ठेवलेलं पेटलं तर घरात थांबता येत नाही. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

आधी भुरी आहे का ते बघा

निम्मे फोन असे येतात: "दादा, पानावर पांढरं आलंय, सल्फर मारायला या." पांढरं दिसलं की भुरीच, असं नसतं. दावण्या हा बुरशीचा दुसरा रोग. त्यात पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग पडतो, आणि सकाळी दव असताना तेच पान उलटं केलं की बरोबर त्या डागाखाली पांढरी लव दिसते. नाशिककडं यालाच केवडा म्हणतात. दावण्यावर सल्फरचा उपयोग नाही, कितीही मारा. भुरी पानाच्या दोन्ही अंगांना येते, राखाडी पांढरी पूड असते आणि बोट फिरवलं की पुसली जाते. मण्यावर आली असेल तर पूड पुसल्यावर खाली काळपट जाळी दिसते. तिथली साल मेलेली असते. आतला गर वाढतो, साल वाढत नाही, आणि मणी उभा तडकतो.

दावण्याला ओलं पान लागतं. भुरीला पाण्याची गरज नाही. ढगाळ दमट हवा, दाट सावली आणि २० ते २८ अंशांची ऊब मिळाली की तिचं भागतं. म्हणून नोव्हेंबरात पाऊस थांबला, दावण्याची भीती गेली आणि मालक निवांत झाला, की नेमकी त्याच वेळी ती मांडवाखाली सुरू झालेली असते. रस्त्यावरून बाग हिरवीगार दिसते त्याला काही अर्थ नाही. मी बागेत शिरलो की आधी ओलांड्याजवळची, म्हणजे वेलाच्या जाड आडव्या फांदीजवळची, घडामागची जुनी पानं उलटी करून बघतो. घडाच्या देठावर तपकिरी डाग दिसतोय का तेही बघतो.

हे बघायचं कारण असं की सल्फर हे आधी मारायचं औषध आहे. ते पानाच्या आत शिरत नाही, वर बसून राहतं. हवेच्या उबेनं त्याची थोडी थोडी वाफ होते आणि ती वाफ उगवू पाहणाऱ्या बीजाणूंना मारते. नुकतीच दिसायला लागलेली भुरी ते दाबतं, पण घड पांढरे झाल्यावर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. तिथं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, औषध लागतं आणि त्यासाठी सल्लागाराला विचारा. उलट त्या आंतरप्रवाही औषधांना बुरशी हळूहळू सरावते. सल्फर बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला ती सरावलेली नाही. युरोपातल्या द्राक्षबागांत १८५० च्या दशकापासून भुरीवर गंधक वापरतात आणि ते आजही चालतं. लाल कोळी ही कीडसुद्धा त्यानं आटोक्यात राहते, हा वरचा फायदा.

दुकानात कुठला पुडा मागायचा

फवारणीसाठी मी ८० टक्के डब्ल्यूडीजी घेतो, म्हणजे पाण्यात विरघळल्यासारखे मिसळणारे बारीक दाणे. ८० टक्के डब्ल्यूपी ही पावडर आहे. ती थोडी स्वस्त पडते, पण पुडा फोडताना पहिला ढग तोंडावर येतो आणि मण्यावर डागही जास्त राहतो. धुरळणीची ८५ टक्के भुकटी वेगळी, ती पाण्यात कालवायची नसते. म्हातारी माणसं ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वेलांवर झटकायची. आता वस्त्या बागांना खेटून आल्यात, शेजारच्या अंगणात भुकटी नको, म्हणून मी धुरळणीची कामं घेतच नाही.

एक घोळ दरवर्षी होतो. ९० टक्क्यांचं बेंटोनाइट सल्फर हे जमिनीत टाकायचं खत आहे. "नव्वद टक्के आहे, म्हणजे ऐंशीपेक्षा भारी" म्हणून लोक ते टाकीत ओततात. त्यातली माती पाण्यात फुगते, गाळणी बसते, नोझल तुंबतात आणि भुरीवर काडीचा परिणाम होत नाही. वाण्याकडचं नाहीतर पूजेच्या दुकानातलं गंधकही फवारणीचं नव्हे. पुड्यावर बुरशीनाशक असं छापलंय का, नोंदणी क्रमांक आहे का, आपल्या पिकाचं नाव लेबलवर आहे का, एवढं बघा, मुदत बघा आणि पक्कं बिल घ्या. लेबलच्या घडीच्या कागदावर मराठीत मजकूर असतो. अक्षर बारीक असतं, पण ज्याच्याकडं मोबाइल आहे त्याला फोटो काढून मोठं करून वाचता येतं.

प्रमाण

लेबलवर द्राक्षासाठी जे हेक्टरी प्रमाण दिलेलं असतं ते बहुधा लिटरला २ ते अडीच ग्रॅमच्या घरात बसतं. तुमच्या पुड्यावर जे असेल ते शेवटचं. आता ब्लोअरची गंमत अशी की लेबलवर हेक्टरी ७५० ते १००० लिटर पाणी धरलेलं असतं, म्हणजे एकरी ३०० ते ४००. कुणी एकराला १५० लिटरमध्येच उरकतो आणि लिटरचं प्रमाण तेच ठेवतो. मग एकरी औषध निम्मं पडतं. कुणी उलट करतो, पाणी ६०० लिटर ओततो, प्रमाण लिटरवर धरतो, मग एकरी औषध दुप्पट आणि खाली ठिबकतंय. माझी टाकी ६०० लिटरची आहे. लिटरला २ ग्रॅम धरलं तर टाकीला १ किलो २०० ग्रॅम, आणि पानांची दाटी बघून ती टाकी दीड ते दोन एकरांत संपली पाहिजे. त्याच्या आधी संपली तर ट्रॅक्टर हळू चाललाय किंवा नोझल झिजलेत.

पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाला त्याच हिशेबानं ३२ ग्रॅम लागतं. इथं काडेपेटी, चमचा, मूठ असली मापं चालतात आणि तिथंच चुकतं. डब्ल्यूपी हलकी असते, डब्ल्यूडीजी जड. एकाच काडेपेटीत दोन्हींचं वजन वेगळं भरतं. स्वयंपाकघरात असतो तसला छोटा काटा औषधासाठी वेगळा घ्या आणि एकदा वजन करून प्लास्टिकच्या टोपणावर मार्करनं रेघ मारून ठेवा. पुडा बदलला की रेघ नव्यानं मारायची. काटा आणि टोपण पुन्हा घरात न्यायचं नाही.

ऊन

सल्फरचं सगळं गणित उन्हावर आहे. हवा फार गार असली, १८ अंशांच्या खाली राहिली, की त्याची वाफ नीट होत नाही आणि काम मंदावतं. २० ते ३० अंशांत ते छान चालतं. पारा ३२ च्या पुढं गेला की तीच वाफ पानाला भाजायला लागते आणि ३५ च्या वर तर मी सरळ नाही म्हणतो. हवा गरम आणि दमट दोन्ही असली तर त्याहून आधीच भाजतं.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी सकाळी दव सुकल्यावर मारतो. ओल्या पानावर मारलं तर औषध ओघळून कडेला जमतं. सुकलेल्या पानावर पडलं की पुढं दुपारची ऊब मिळते आणि त्याच दिवशी काम सुरू होतं. फेब्रुवारी उजाडला की उलटं: संध्याकाळी ऊन कलल्यावर, पण दव पडायच्या आत पान वाळेल एवढा वेळ हातात ठेवून. आणि फक्त त्या दिवसाचं तापमान बघून भागत नाही. औषध पानावर बसून राहतं, त्यामुळे आज २९ आणि परवा ३६ असेल तर परवा भाजेल. मोबाइलवर पुढच्या तीन दिवसांचा कमाल पारा बघा. तो चढणार असेल तर त्या फेरीला दुसरं औषध निवडा.

भाजलेलं कसं ओळखायचं? पानाच्या कडा तपकिरी होऊन आत वळतात, शेंड्याची कोवळी पानं आधी, आणि घडाच्या पश्चिमेकडच्या, दुपारचं ऊन खाणाऱ्या मण्यांवर तांबूस डाग पडतो. मांडवाच्या आतली पानं मात्र ठीक असतात. रोग असता तर तो असा उन्हाची बाजू बघून आला नसता. नव्यानं शेंडा खुडला असेल, पानं काढून घड उघडे केले असतील, तर त्या मण्यांना उन्हाची सवय नसते. चार दिवस जाऊ द्या.

तेल आणि सल्फर: मधे किमान पंधरा दिवस

मिलीबगसाठी, म्हणजे पिठ्या ढेकणासाठी, खनिज तेल मारलं, कुणी निंबोळी तेल मारलं, आणि पाठोपाठ आठवड्यात सल्फर. भाजलेल्या बागांत मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. तेलामुळं सल्फर पानाच्या आत उतरतं आणि तिथं पेशी मारतं. तेल आधी असो की सल्फर आधी, दोन आठवडे मधे पाहिजेतच. मी तीन सांगतो, कारण दोन सांगितले की लोक दहा दिवसांवर येतात. तेलाचं औषध मारून न धुतलेल्या टाकीत सल्फर कालवलं तरी तोच प्रकार. ब्लोअर बोलावलात तर ड्रायव्हरला विचारा, कालच्या बागेत टाकीत काय होतं. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावला तर दुसरा ब्लोअर बघा.

सिलिकॉनचं स्टीकर सल्फरबरोबर मी घालत नाही. डब्ल्यूडीजीत चिकटायचं सामान आधीच असतं. ईसी म्हणजे तेलकट द्रवातली औषधं उन्हाळी हवेत सल्फरबरोबर नकोत, कॅप्टन नावाचं बुरशीनाशकही नको. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, वेगळ्या दिवशी. ट्रायकोडर्मा, अँपेलोमायसिस अशी जैविकं ही स्वतःच बुरशी आहेत, त्यांना सल्फर सोसत नाही, म्हणून मधे चांगले चार-पाच दिवस सोडा. खतं, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं एकाच टाकीत ओतून "एका फेरीत उरकू" म्हणणारे मालक मला माहीत आहेत. त्यांना मी बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत त्याच प्रमाणात सगळं कालवायला लावतो आणि अर्धा तास बांधावर ठेवायला सांगतो. दूध फाटल्यासारखं झालं, तळाला चोथा बसला किंवा बाटली गरम लागली, तर ते टाकीत जाणार नाही. आणि बाटली साफ राहिली म्हणजे पान भाजणार नाही, अशी हमी नसते हेही सांगून ठेवतो.

टाकी भरताना

टाकी निम्मी पाण्यानं भरा. बादलीत थोडं पाणी घेऊन त्यात मोजलेलं सल्फर सोडा, लाकडी काठीनं ढवळा, गुठळी राहू देऊ नका. मग गाळणीतून टाकीत ओता, ढवळणी चालू ठेवा आणि वरचं पाणी भरा. वारा पाठीकडून येतोय ना बघून उभं राहायचं आणि पुडा कात्रीनं कापायचा. फाडला की ढग उडतो. ट्रॅक्टरच्या तापलेल्या सायलेन्सरपाशी पुडा फोडू नका, आणि विडी-सिगारेट तर लांबच. सल्फरची उडालेली भुकटी ठिणगीनं पेट घेते आणि तिची ज्योत फिकट निळी असते, उन्हात चटकन दिसतही नाही.

सल्फर तळाला बसतं. चहाला थांबलात, ट्रॅक्टर बंद केलात, की परत आल्यावर नोझल लगेच उघडू नका. पाच मिनिटं पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा दांडा, चालू ठेवून नुसती ढवळणी फिरू द्या. नाहीतर पहिल्या दोन ओळींना घट्ट आणि शेवटच्या ओळींना पाणी. पाठीवरच्या पंपात ढवळणी नसते, तिथं मधून मधून पाठ हलवायची, हसू आलं तरी.

आणि नोझल तुंबला तर तोंडानं फुंकायचा नाही. हे वाक्य मी दर हंगामात नव्या पोरांना सांगतो आणि दर हंगामात कुणीतरी फुंकताना दिसतोच. खिशात जुना दात घासायचा ब्रश ठेवा. सल्फरचे कण नोझलचं भोक झिजवतात. पितळी चकतीचं भोक लवकर मोठं होतं, सिरॅमिकचं टिकतं. मिनिटभर एकेका नोझलखाली बाटली धरून पाणी मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त सोडत असेल तर तो बदला.

औषध बसलं का ते वाळल्यावर तपासा. मी दाटीतलं एक पान तोडतो आणि उजेडासमोर तिरपं धरतो. बारीक पांढरे ठिपके दोन्ही बाजूंना, एकमेकांच्या जवळ, पण वेगवेगळे दिसले पाहिजेत. शिरांच्या कडेनं ओघळ दिसला तर पाणी जास्त. खालची बाजू कोरी असेल तर हवा कमी पडतेय किंवा ट्रॅक्टर पळतोय. फेल, म्हणजे जादा फुटी, न काढलेल्या गच्च बागेत कुठलाही ब्लोअर आत पोचत नाही. तिथं औषधाचं प्रमाण वाढवण्यापेक्षा आधी बाया लावून फेल काढा.

अंगावर काय, आणि बागेत कोण

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. ती औषधं वेगळी होती, सल्फर त्या जातीचं नाही. तरी त्यानंतरही आमच्याकडं उघड्या अंगानं, डोक्याला टॉवेल गुंडाळून फवारणारे कमी झाले नाहीत. टॉवेल सल्फर अडवत नाही. बारीक कण त्यातून जातात आणि घामानं ओला झालेला टॉवेल दिवसभर तेच नाकाला लावून ठेवतो. सल्फरसाठी एन-९५ मास्क भागतो. दुसरी औषधं मारताना डबीवाला मास्क लागतो.

डोळ्यांचं मात्र खरं जपा. उघडा चष्मा नको, कडेनं घट्ट बसणारा गॉगल घ्या. वाफ धरते म्हणून लोक तो कपाळावर चढवतात. आतून अंगाच्या साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या फडक्यानं पुसला तर वाफ धरत नाही. पूर्ण बाहीचा सुती शर्ट, फुल पँट, रबरी हातमोजे, बूट. सल्फर घामात मिसळलं की मानेला, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली चुणचुणतं, म्हणून संध्याकाळी आधी अंघोळ, मग जेवण, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. डोळ्यांत गेलंच तर चोळायचं नाही. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडायची आणि तरी लाल राहिला तर पुडा बरोबर घेऊन डॉक्टरकडं जायचं. टाकीवर साध्या पाण्याचा एक वेगळा कॅन मी यासाठीच बांधलेला असतो. दमा असलेल्या माणसाला सल्फरच्या कामाला लावू नका, त्यानं स्वतः "काही होत नाही" म्हटलं तरी.

आता बायांचं. एका बागेत संध्याकाळी सल्फर मारलं आणि मालकानं सकाळी सातला विरळणीची, म्हणजे घडातले जादा मणी काढायची, टोळी आत घातली. बाया हात वर करून घडात काम करतात, वाळलेलं सल्फर सरळ डोळ्यांत झडतं, आणि पुसायला पदर, तोही सल्फरनं भरलेला. दुपारपर्यंत निम्म्या टोळीचे डोळे लाल. मालकाचं म्हणणं, "सल्फर तर होतं." अमेरिकेत सल्फर मारल्यावर २४ तास मजूर आत घालायचा नाही असा लेबलचा नियम आहे. आपल्याकडंही तोच धरा. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), फेल काढणं यांच्या तारखा मुकादमाकडून घ्या आणि औषधाचा दिवस त्याप्रमाणं ठरवा, उलटं नको. शेजारच्या बागेत टोळी असेल तर त्यांनाही आवाज द्या. ब्लोअरचं धुकं बांध ओळखत नाही.

भाजीपाल्यावर

द्राक्षाचं प्रमाण डोळे झाकून भाजीवर आणू नका. काकडी, दोडका, कारली, कलिंगड, खरबूज या वेलांवर भुरी हमखास येते, पण यांच्या काही जाती सल्फरला नाजूक असतात, खरबूज आणि काकडी विशेष. नवं बियाणं असेल तर चार-पाच वेलांवर मारा, तीन-चार दिवस थांबा, कडा करपल्या नाहीत तर बाकीच्यांवर जा. वेल कोवळे असताना आणि पाण्याच्या ताणावर असताना नको. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, वेलवर्गाची फळधारणा त्यांच्यावरच आहे, म्हणून इथं संध्याकाळच बरी.

ढबू मिरचीची भुरी फसवी. पानावर वरून फक्त पिवळट चट्टे दिसतात, पांढरं असतं ते खाली, आणि बुरशी पानाच्या आत शिरलेली असते. त्यामुळं आल्यावर सल्फर मारून फार हाती लागत नाही. आधी मारलं आणि पानाच्या खालून मारलं तरच. पाठीवरच्या पंपाची दांडी उलटी करून, नोझल वर तोंड करून, झाडाच्या बुडातून. शेडनेटमध्ये दुपारी आतला पारा बाहेरच्यापेक्षा वर असतो. बाहेर ३० बघून आत मारू नका, आत थर्मामीटर टांगा.

भेंडी दिवसाआड तोडावी लागते. तोडणी उरकल्यावर मारा, पुढच्या तोडणीला लेबलवरचे दिवस मोजा, आणि तेवढे दिवस थांबणं जमत नसेल तर मारूच नका. वाटाण्याला सल्फर चांगलं मानवतं. आंब्याच्या मोहरावर भुरीसाठी तेच, पण फुलोरा पूर्ण उमललेला असताना नको.

माल जवळ आल्यावर

मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागला, की सल्फरचा हात आखडा. त्यानंतर पडलेला पांढरा ठिपका पावसाशिवाय जात नाही आणि त्या वेळी पाऊस कुणालाच नको असतो. घड हातानं पुसावा तर मण्यावरचं लस्टर, म्हणजे मेणासारखा पांढुरका थर, जातं. व्यापारी डाग बघून किलोमागं दर तोडतो, तो औषध चांगलं होतं की वाईट ते विचारत नाही. निर्यातीचा प्लॉट असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची औषधांची यादी, ज्याला सगळे अनेक्श्चर फाइव्ह म्हणतात, ती बघून काढणीपूर्व दिवस, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायचे दिवस, धरा. गेल्या वर्षीची यादी चालत नाही. वाइनच्या द्राक्षाला तर शेवटी सल्फर नकोच, आंबवताना कुजक्या अंड्याचा वास येतो आणि वायनरी माल परत करते.

उरलेलं, धुतलेलं आणि ठेवलेलं

तळाचं उरलेलं पाणी पातळ करून त्याच बागेच्या शेवटच्या ओळींवर संपवा. विहीर, ओढा, जनावरांची डोण यांच्या जवळ टाकी धुऊ नका. सल्फर धातू खातं, त्यामुळे संध्याकाळीच तीन वेळा साधं पाणी भरून नोझलमधून सोडा. सकाळी धुऊ म्हटलं की वाळून बसतं.

रिकामे पुडे जाळू नका. आमच्या भागात बेदाण्याला रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. त्या धुरीत क्षणभर उभं राहिलेल्याला विचारा छातीत काय होतं. पुड्यात उरलेल्या भुकटीतून तोच वायू निघतो. पुडे टाकीत झटकून, भोकं पाडून, वेगळे बांधून ठेवा, भाजीच्या पिशव्या करू नका.

साठवताना एक गोष्ट नव्वद टक्के गोदामांत चुकीची दिसते. सल्फरच्या पुड्याला चिकटून १३:०:४५ ची पोती. ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेत शोरा. शोरा, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, तरी दोन्ही फाटलेली पोती एकाच कोपऱ्यात आणि वर वायरिंग उघडं. नायट्रेटची खतं खोलीच्या एका टोकाला, सल्फर दुसऱ्या टोकाला, जमिनीपासून उचलून फळीवर, तोंड बांधून. त्या खोलीत वेल्डिंग नको, कडबा नको, आणि घरात, पलंगाखाली तर मुळीच ठेवू नका.

हे सगळं झालं की वहीत लिहा: तारीख, प्लॉट, पुड्याचं नाव, लॉट नंबर, टाकीला किती, दुपारचा पारा किती, आणि खाली मोठ्या अक्षरात पुढं तेल कधी मारता येईल ती तारीख. मला फोन करताना वही जवळ ठेवा, मी पहिलं तेच विचारतो.